हात मागे बांधलेली मुलं

तीर्थरूप बाबा,
तुमच्या लेकीचा नमस्कार, तोही तेलकट हातांनीच.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेकदा.

आमच्या विज्ञान केंद्रात रोज शाळांच्या सहली येतात. मुलांनी दिवसभर ओढलेली, फिरवलेली यंत्रं मी संध्याकाळी दुरुस्त करते. काल मात्र एका वर्गाने कशालाच हात लावला नाही. बाईंनी बसमध्येच दम भरला होता, त्यामुळे चाळीस मुलं हात मागे बांधून उभी! मी कप्पीचा दोर पुढे केला, तर एक चिमुरडी म्हणाली, "मोडलं तर?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मोडलं तर जोडू. मी कशाला आहे?"

लहानपणी मी गिऱ्हाइकाचं घड्याळ खोलून ठेवलं, तेव्हा तुम्ही अगदी हेच म्हणाला होतात. आई ओरडत होती आणि तुम्ही शांतपणे माझ्यासोबत स्क्रू शोधत होतात. माझी ही नोकरी खरं तर त्याच दिवशी पक्की झाली, बाबा.

मग मुलांनी असा धुमाकूळ घातला की तीन यंत्रं बंद पडली. इतकं बरं वाटलं!

आई म्हणाली, हात थरथरतो म्हणून तुम्ही दुकान उघडत नाही. औषध घेताय ना? दुकानातली घड्याळं कुणाला देऊन टाकू नका. मी सुट्टीला येतेय. तुम्ही खुर्चीत बसून सांगा, स्क्रू मी फिरवीन.

तुमचीच,
घड्याळमोडी