निळ्या खडूच्या रेघा

प्रिय मार्व्हलिन,

हे पत्र तुला पेटीत सगळ्यांत वर मिळेल. आधी हे वाच. एकाही तबकडीला हात लावायच्या आधी वाच आणि शेवटपर्यंत वाच. तू चिडलीस की पुढचं ऐकत नाहीस, हे मला तू सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे, म्हणून जे सांगायचं ते मी मुद्दामच शेवटी ठेवलंय. मधूनच उडी मारून खाली बघू नकोस. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा जरा लावून वाच.

आता दुपारचा दीड झालाय. तू सकाळी सातला धुलाईच्या दुकानात गेलीस, तिथून परस्पर हॉलवर जाणार. निल्सा तीनला भावाची हातगाडी घेऊन तबकड्यांची पेटी आणि त्या वाजवायची यंत्रं न्यायला येईल. म्हणजे माझ्याकडे दीड तास आहे, आणि आल्याचा चहा दोनदा पिऊन झालाय. तू ताटलीतली उकडलेली केळी आणि खारा मासा तसंच टाकून गेलीस. ते कागदात बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवलाय. खा. पोटात काही नसलं की हात थरथरतात, आणि तुझं सगळं कामच हाताचं.

आज काय आहे ते मला माहीत नाही असं समजू नकोस. तू रात्री झोपेतसुद्धा बोटं फिरवत होतीस. मिस्टर टिस्डेलनी जिन्यात मला स्वतः सांगितलं, की चारला क्लीव्हन वाजवणार, मग तू, आणि जो लोकांना जास्त नाचवेल त्याला उन्हाळा संपेपर्यंत दर शनिवारी हॉल. टिस्डेल तसा भला माणूस, हॉलच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडतो आणि स्वतःला महापौर समजतो. आणि क्लीव्हन काय म्हणाला तेही निल्साकडून कळलं: "पोरींनी तबकड्या पुसून पाकिटात घालाव्यात, वाजवू नयेत."  तू घरी येऊन मला म्हणालीस, की आज लोक हसले तर दोन्ही यंत्रं विकते आणि टंकलेखनाच्या वर्गाला जाते. पोरी, टंकलेखन वाईट नाही. पण तू ते ज्या आवाजात म्हणालीस ना, तो आवाज मला आवडला नाही.

मला हे सगळं आवडतं असं मी तुला कधी सांगितलं नाही. उलट वर्षभर ओरडलेच. माझी इस्त्रीची फळी तू यंत्रं ठेवायला पळवलीस आणि मी गिऱ्हाइकांचे झगे पलंगावर इस्त्री करत बसले. वर तू एकही गाणं पुरं वाजू द्यायची नाहीस. बिचारी गाणारी बाई तोंड उघडते न उघडते तोच तू सुई उचलायचीस. गाणारे गप्प होतात, वाजवणारे बसतात आणि नुसता ताल उरतो, तेवढाच तुकडा, तुम्ही त्याला ब्रेक म्हणता तो, तेवढाच तुला हवा. तो इतकासा, चहात साखर ढवळेपर्यंत संपतो. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या, एकीवरचा संपला की दुसरीवरचा, तोवर पहिली मागे फिरवायची, आणि असं करत तो तुकडा तुला हवा तितका लांबवायचा. मला वाटायचं, या पोरीला गाण्यातलं सगळं सोडून नेमकी भोकंच कशी आवडतात? मग मागच्या हिवाळ्यात एकदा मी कणीक मळत होते, तू आत वाजवत होतीस आणि मध्येच थांबवलंस. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "थांबवलंस का?" तू दारात येऊन माझ्या हातांकडे बघत राहिलीस. माझे हात तालात मळत होते आणि ताल गेल्यावर तसेच पिठात अडकून राहिले होते. तू इतकी हसलीस की भिंतीला टेकलीस.

तुझे आजोबा असते तर त्यांनी तुला डोक्यावर घेतलं असतं. किंग्स्टनला आमच्या आवारात रविवारी दुपारी माझा युराया त्याच्या कपाटाएवढ्या स्पीकरच्या पेट्या मांडायचा, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या बायका स्वयंपाक टाकून यायच्या. मी आल्याचं सरबत विकायची. दुसऱ्या गल्लीत वाजवणारा एक माणूस सरबत प्यायच्या निमित्ताने यायचा आणि मान लांब करून तबकडीवरचं लेबल वाचायचा. पुढच्या रविवारी तेच गाणं त्याच्याकडे. म्हणून युरायाने लेबलं भिजवून काढायला सुरुवात केली. म्हणजे तो म्हणायचा 'मी काढली', भिजवायची मी. कोमट पाणी, चमचाभर साबण, मधोमध ओलं फडकं ठेवायचं, पाव तासाने अंगठ्याने ढकललं की कागद सालीसारखा निघतो. नवऱ्याचा धंदा बुडाला, नवरा गेला, मी त्या उन्हातून या थंडीत आले, पण अंगठा विसरला नाही.

आणि म्हणून शुक्रवारी तू म्हणालीस ना, की क्लीव्हन मागच्या वेळी खांद्यावरून लेबलं वाचत होता, आजी, बाराच्या बारा तबकड्यांची लेबलं काढून देशील का, तेव्हा मला काय झालं ते तुला कळलंच नसेल. तू तोंडात टोस्ट धरून बोललीस आणि गेलीस. मी मात्र खुर्चीत बसून राहिले. वर्षभरात तुझ्या या कामात तू मला पहिल्यांदा काही करायला सांगितलंस. मी इथे भाड्याचं, आगीचं, त्या जाकीट घालून कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांचं बोलते, आणि तू 'हो आजी' म्हणून निघून जातेस. यावेळी तुला माझं काही लागत होतं.

आगीचं निघालं म्हणून सांगते. पलीकडची इमारत जळाली तेव्हापासून दाराशी बूट आणि कागदपत्रांची पिशवी ठेवलीय, त्यावरून तू मला हसतेस. त्या पिशवीच्या तळाशी मार्चपासून तुझ्या दोन तबकड्या आहेत. तू शोधत होतीस त्या. चोरीला गेल्या म्हणून निल्साशी दोन दिवस बोलली नाहीस. मी गप्प बसले, कारण परत मागितल्या असत्यास. जळालं तर सगळं जळो, पण तुझं थोडं तरी बाहेर निघावं, एवढंच. त्याही आज पेटीत घातल्यात, अगदी मागे. तेवढ्या दोघींवर लेबलं आहेत.

बरं. आता ते.

आज सकाळी तू गेल्यावर मी बादली भरली, तबकड्या टेबलावर मांडल्या आणि कामाला लागले. लेबलं अशी सुंदर निघाली, युरायाने पाठ थोपटली असती. मग खिडकीपाशी नेऊन बघते तर प्रत्येक तबकडीवर मेणाच्या खडूच्या रेघा. लाल, पिवळ्या, हिरव्या, कसल्यातरी. मला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या पोरांनी केलेलं काम. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे कपडे शिवतेय, मार्व्हलिन. कापडावर खडूने खुणा करायच्या, शिवण झाली की खुणा पुसायच्या. खूण दिसत राहिली तर गिऱ्हाईक कपडा परत आणतं. आज माझ्या नातीकडे अख्खा मोहल्ला बघणार आणि तिच्या तबकड्या अशा रेघोट्या मारलेल्या? मी खोबरेल तेलाचा बोळा घेतला. मग साबण. मग मऊ फडकं. बाराच्या बारा. गाणं म्हणत पुसल्या मी त्या. इस्त्री फिरवली नाही एवढंच, कापडावरचं मेण मी इस्त्रीनेच काढते, तीही तापत ठेवली होती. मग भांड्यांच्या जाळीत वाळायला उभ्या केल्या, जशा हाताला आल्या तशा.

दहाला निल्सा तुझ्या तालावर म्हणायचं तिचं माईकवरचं बोलणं पाठ म्हणत म्हणतच आत आली आणि जाळी बघून मधेच थांबली. ती मुलगी कधी थांबत नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "आजी," ती म्हणाली, "रेघा कुठंयत?" मी हसून म्हटलं, किती घाण होती बघ, सगळी काढली. ती माझ्या पलंगावर बसली, नुकत्या इस्त्री केलेल्या झग्यावर. मग तिने समजावलं. जिथे ब्रेक सुरू होतो नेमकी तिथे तू रेघ मारतेस, म्हणजे अंधारात, गर्दीत, घाईत सुई बरोबर तिथे टेकते. एका गाण्याच्या दोघींना एक रंग, म्हणूनच लेबलं गेली तरी तुझं अडणार नव्हतं. लेबल तर मी काढलंच होतं, आता रंगही काढला. सहा गाण्यांच्या बारा तबकड्या, बारा सारखी काळी ताटं. मी म्हटलं, तूच सांग तिला. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. ती आधी मला मारेल आणि मग वाजवायलाच जाणार नाही. तू केलंस, तू लिही." आणि गेली. गुडघे चांगले असते तर मी दुकानात पळत आले असते. पण लिफ्ट मेपासून बंद, पाच मजले, आणि दुकानात तुझ्या मालकिणीसमोर तू रडली असतीस. निदान मी तरी.

मग मी तुझ्या यंत्राला हात लावला. लावायचा नाही हे माहीत आहे. सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर तू चिकटवलेलं नाणंसुद्धा हलवलं नाही. पहिली तबकडी ठेवली आणि भिंतीपलीकडे बसायची तशी डोळे मिटून बसले. आणि पोरी, मला ते येतं! वर्षभर ओरडत का होईना, सगळं कानात गेलंय. गाणारी बाई गप्प होते तिथे माझी मान आपोआप हलते. मान हलली की सुई उचलायची, थोडं अलीकडे टेकवायची, पुन्हा ऐकायचं. युराया दाखवायचा तसं तबकडी उजेडात तिरपी धरली की ताल उरतो तिथल्या खाचा वेगळ्या चमकतात, तेही बघितलं. तिथे माझ्या शिवणाच्या निळ्या खडूने रेघ मारली. माझ्याकडे दुसरा रंग नाही, म्हणून जोड्या पाकिटात घालून पाकिटांवर नावं लिहिली. गाण्यांची खरी नावं मला कुठली माहीत, माझी लिहिली. 'कणीक' म्हणजे ती, जिच्यावर माझे हात अडकले होते. 'शिवणयंत्र' म्हणजे जिच्यावर माझा पाय चालतो. 'टिस्डेल' म्हणजे जी लागली की तो खालून काठीने छत ठोकतो. 'बूट' म्हणजे जिच्यावर तू आणि निल्सा बूट काढून नाचता. 'युराया' कुठली ते तुला ऐकल्यावर कळेल. क्लीव्हनला हवी तेवढी मान लांब करू दे, त्याला काय कळणार आहे.

पाच जोड्यांची मला खात्री आहे. सहावीवर 'कुणास ठाऊक' लिहिलंय. तिच्यात बाई गप्प होते, पुन्हा येते, पुन्हा गप्प होते, आणि तू नेमका कुठला तुकडा घेतेस ते मला चारदा ऐकूनही ठरवता आलं नाही. दोन ठिकाणी रेघ मारलीय, एक तरी चूक आहे. आणि हीच तू शेवटी लावतेस, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र, मार्व्हलिन, नुसतं माफी मागायला नाही. तू दर वेळी म्हणायचीस, आजी, एकदा तरी ये, आणि मी गुडघे पुढे करायची. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण मी यायची नाही ती तुला कुणी हसलं तर मला बघवणार नाही म्हणून. आज हसले तर ते माझ्यामुळे हसतील, मग मी घरात कशी बसू? निल्सा पेटी घेऊन गेली की मी कठडा धरून उतरायला लागेन, प्रत्येक मजल्यावर थोडी बसेन, चारपर्यंत पोहोचेन. टिस्डेलला सांगून ठेवलंय, तुझ्या टेबलासमोर एक खुर्ची. शेवटचं गाणं आलं की रेघेकडे बघू नकोस. सुई सोड, गाणं मलाही ऐकू येऊ दे आणि माझ्याकडे बघ; ठरवायला बसले की मी चुकते, पण तू वाजवतेस तेव्हा मान चुकत नाही. माझी मान हलली, की तिथे.

तुझीच,
पहिल्या खुर्चीतली आजी