ओव्हरटेकचा प्रमाणशुद्ध विचार

३ मार्च, सोमवार
हिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पोहण्याचा वर्ग सुचवला आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात. गाडी अर्थातच मी चालवणार. लायसन्स हिच्याकडेही आहे. परंतु लायसन्स आणि विवेक या भिन्न वस्तू होत.
आज उशीर. कालव्याच्या रस्त्यावर दोन बायका सायकलींवर, शेजारी शेजारी, गप्पा मारत. ही म्हणाली, नणंद-भावजय आहेत, शिवणाच्या कारखान्यात जातात. नणंद-भावजयींचे इतके पटणे मुळातच संशयास्पद.

५ मार्च
पुन्हा त्याच. हॉर्न दिला. भावजयीने मागे वळून नमस्कार केला! ही म्हणाली, अहो, समोर चिटपाखरू नाही, घ्या ना पुढे. रस्ता रिकामा दिसणे आणि रिकामा असणे या दोन स्वतंत्र प्रतिज्ञा आहेत, असे मी समजावले. समजावून होईतो वळण आले.
पोहण्याच्या बाईंनी हिला बजावले: आणखी एकदा उशीर झाला, की जागा दुसरीला. दोष सर्वस्वी सायकलींचा.

७ मार्च
मुद्दाम लवकर निघून दोघींना सिग्नलला गाठले. मांडणी निर्दोष होती: एकामागे एक चालावे, म्हणजे मला जागा मिळते.
नणंद म्हणाली, काका, तसं गेलं की लोक त्याच फटीत गाडी घालतात, आरसा हँडलला घासतो. जोडीनं गेलो की गाडीला पुरतं पलीकडून जावं लागतं, आणि ओलांडायचं अंतरही कमी.
हा हेत्वाभास आहे, मी म्हणालो.
भावजय म्हणाली, असेल बाई, पण कोपर माझं खरं आहे.
तरी वयाला मान देऊन एकामागे एक झाल्या. वाद जिंकला. हिला वर्गही मिळाला.

१० मार्च
एकामागे एकच होत्या. रांग अनपेक्षितपणे लांब. समोरून टँकर. मी काच खाली करून, कृपया पूर्ववत व्हा, असे सुचवले. ही माघार नव्हे, पूर्वपक्षाचा पुनर्विचार. त्या जोडीने झाल्या, भावजय हसू दाबत होती.
मी सुरक्षित ओव्हरटेकच्या अटी मोठ्याने पुन्हा तपासत होतो. हिने घड्याळ पाहिले. म्हणाली, गाडी बाजूला घ्या. आता उतरा.
मी शेजारच्या सीटवर आलो. हिने समोरून येणारी बस जाऊ दिली, इंडिकेटर दिला, पुरती पलीकडची बाजू घेतली आणि पुढे निघाली. माझे वाक्य अर्धेच राहिले. सातला पोहोचलो.

१२ मार्च
आजही हीच. आजही वेळेवर. बाईंनी जागा कायम केली. ओव्हरटेकचे निकष माझेच होते, हे मी परतताना निदर्शनास आणले. ही म्हणाली, हो, तुमचेच. मग म्हणाली, परवापासून तुम्ही घरीच थांबा. शेजारी कुणी बोलत नसलं की रस्ता नीट दिसतो.
मी संमती दिली. प्रतिपक्षाला बोलायलाच काही उरू नये, यालाच निर्णय म्हणतात.