दहा मिनिटांची शांतता

१६ जून, सकाळी ६.४०, बसमध्ये

आज नोकरीचा पहिला दिवस. प्रशिक्षणात सांगितलं होतं, चांगला शिक्षक रोज स्वतःच्या कामावर विचार करून लिहितो. म्हणून ही वही. कोणाला दाखवायची नाही. (पुढंमागं पुरस्कार वगैरे मिळाला तर गोष्ट वेगळी.)

शाळा जिल्हा परिषदेची, फुलंब्रीच्या पुढं. मला सहावी. एकतीस मुलं. संकल्प : आवाज चढवायचा नाही. छडी हातात धरायची नाही. दिवाळीपर्यंत वर्ग तालुक्यात पहिला.

१६ जून, संध्याकाळ

स्वतःची ओळख करून दिली. पस्तीस मिनिटं. मुलं टक लावून ऐकत होती. शेजारी चौथीला सत्यभामाबाई आहेत, सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी समदीच गप असतात, तेवढ्यात नावं पाठ करून घ्या. जुन्या पद्धतीच्या आहेत. नावं काय, आपोआप पाठ होतात.

२० जून

आजपासून खूण. सरांनी हात वर केला की सगळ्यांनी बोलणं थांबवून हात वर करायचा. शास्त्रशुद्ध पद्धत आहे. मी हात वर केला. एकतीस हात वर झाले. पुढच्या बाकावर मोनिका बसते, चुणचुणीत आहे. ती म्हणाली, "सर, समद्यांनी लघवीला जायचं का?" मी हो-नाही म्हणायच्या आत वर्ग रिकामा. सगळे परत यायला पाऊण तास लागला.

कारण : खूण नवीन आहे.

२७ जून

आठवडाभर हात वर. वर्गावर परिणाम अजून दिसत नाही. खांद्यावर दिसतो. मलम लावलं.

२ जुलै

आवाज चढवला. एकदाच. (चारदा.) वर पत्रे आहेत, आवाज घुमतो, त्यामुळं जास्त वाटला. मुख्याध्यापक रामकिसन सर खिडकीपाशी येऊन उभे राहिले आणि निघून गेले. कौतुक वाटलं असावं.

४ जुलै

नवा उपाय : ताऱ्यांचा तक्ता. भिंतीवर सगळ्यांची नावं. जो मोठ्यानं, न अडखळता वाचेल त्याला चमकीचा तारा. निकोप स्पर्धा. मोनिकाला सहा तारे. दीपमालाला शून्य. ही शेवटच्या बाकावरची. वाच म्हटलं की खाली बघते.

सत्यभामाबाई मधल्या सुट्टीत वर्गात आल्या, तक्त्यासमोर बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, सर, हे काढा. दीपमालाला अजून जोडाक्षरं येत नाहीत, तिला जवळ बसवून शिकवा. मी नम्रपणे सांगितलं की एकीलाच जवळ बसवणं म्हणजे पक्षपात. बाई "बरं" म्हणाल्या. पटलेलं दिसलं.

९ जुलै

घसा पार बसला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : शांत बसा. खडू आणायला वळलो तेवढ्यात त्याच्यापुढं कोणीतरी 'सर' लिहिलं.

दुपारी खिचडी खाताना डोळ्यांत पाणी आलं. मिरची जास्त होती. परत येताना बसमध्येही आलं. बसमध्ये खिचडी नव्हती.

११ जुलै

आज वर्गाच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन आलो. मग पुन्हा गेलो, पुन्हा पाणी. चार ग्लास. आत गेल्यावर मलाच सारखं बाहेर जावं लागलं. शहरात, हडकोतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आल्यावर दुसऱ्या नोकरीच्या जाहिराती बघितल्या. सहज. माहिती असावी म्हणून.

१४ जुलै

यश!

उपाय प्रशिक्षणातलाच : थांबण्याचा वेळ. प्रश्न विचारला की लगेच उत्तर सांगायचं नाही, मुलाला विचार करू द्यायचा. तीन ते पाच सेकंद म्हणाले होते. मी म्हटलं, जास्त थांबलं तर जास्त फायदा.

दीपमालाला उभं केलं. धड्याचा पहिला परिच्छेद वाच म्हटलं. आणि थांबलो. ती पुस्तक धरून उभी. एक मिनिट. मागं खुसखुस. तीन मिनिटं. खुसखुस बंद. मी थांबलोच. घड्याळ लावून दहा मिनिटं! बाहेर पातेल्यात उलथनं आपटत होतं, तेवढाच काय तो आवाज. सगळ्या माना खाली. मोनिकाचीसुद्धा.

दीपमालानं वाचलं नाही ही गोष्ट वेगळी. तिच्या पुस्तकावर थेंब पडले होते. पत्रा कुठं गळतो ते बघायला पाहिजे.

नवीन शिक्षकांच्या ग्रुपवर सगळं सविस्तर टाकलं. सतरा अंगठे आले.

१५ जुलै

दीपमाला गैरहजर. ताप असावा. हवाच तशी आहे.

१८ जुलै

दीपमाला अजून गैरहजर. पालकांची उदासीनता. वर्ग पुन्हा पूर्वीसारखा. म्हणजे बाजार. पण उपाय सापडलाय हे महत्त्वाचं.

२१ जुलै

केंद्रप्रमुख तनुजा मॅडमचा फोन. त्यांनी ग्रुपवरचं वाचलं! केंद्रातल्या शिक्षकांची या महिन्याची परिषद आमच्या शाळेत. नमुना पाठ मी घ्यायचा. विषय : वर्गात शांतता कशी आणावी. मॅडमचा शेरा माझ्या फाइलला लागणार. मी अजून शिक्षणसेवक, कायम व्हायचंय.

सत्यभामाबाईंनी विचारलं, दीपमालाच्या घरी गेलात का. म्हटलं, पाठ झाला की लगेच जातो. बाई म्हणाल्या, "पाठ कुणासाठी घेता मग, सर?" उत्तर द्यायचं होतं, पण बस आली.

२५ जुलै

रंगीत तालीम. मोनिकाला उभं केलं. तिनं धडाधड सगळा धडाच वाचून टाकला. थांबायला वावच दिला नाही. मग मागच्या बाकांवर कोणाला उभं करावं म्हणून बघितलं तर अर्धा वर्ग बाकाखाली. पेन शोधत होते म्हणे. पंधरा जण. एकाच वेळी.

दीपमाला नाही त्यामुळं अडचण होतेय. वेळेवर गैरहजर राहतात ही मुलं.

२९ जुलै

उद्या पाठ. आज वर्गाला विनंती केली, उद्या फक्त दहा मिनिटं. हात जोडले. मुलंही हात जोडून उभी राहिली. ती खुणेची सवय लागलीय आता त्यांना.

३० जुलै

बत्तीस शिक्षक. भिंतीला लागून खुर्च्या. तनुजा मॅडम मध्यभागी, मांडीवर वही.

प्रश्न विचारला. थांबलो. एक मिनिट झालं नाही तोच कोणीतरी बेडकाचा आवाज काढला. दुसऱ्या बाजूनं दुसरा बेडूक. मी थांबलो. दोन दप्तरं पडली. तिसऱ्या मिनिटाला दोघं एकमेकांच्या कॉलरला धरून उभे. मी हसरा चेहरा ठेवून थांबलोच. पाचव्या मिनिटाला माझा मलाच आवाज ऐकू आला, अरे बाबांनो, त्या दिवशी कसे गप बसला होतात?

मोनिका उठली.

"त्या दिवशी दीपमाला रडत व्हती, सर. मग आम्ही कसं बोलणार?" थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला दिसलं नाय का?"

वर्ग शांत झाला. बेडूकही. बत्तीस शिक्षक माझ्याकडं बघत होते. तनुजा मॅडमनी वही मिटली.

दिसलं होतं. पत्र्याकडं त्याच दिवशी बघितलं होतं मी. कोरडा होता. ते लिहिलं नव्हतं.

१ ऑगस्ट

सकाळी तक्ता काढला. शाळा सुटल्यावर दीपमालाच्या घरी. तिचे वडील मोतीराम फुलंब्रीला काळीपिवळी चालवतात. दारात गाडी धूत होते. भाषण पाठ करून गेलो होतो. एकही वाक्य आठवेना.

तेच बोलले. "शाळेला मही काय ना नाय, सर. ती रोज दप्तर घेऊन निघती. आम्हाला वाटलं, शाळेतच जाती. मंदिरामागं बसून राहती अन् शाळा सुटली की घरी येती. मला परवा कळलं."

दीपमाला चौकटीला धरून उभी. मी म्हणालो, चुकलं माझं. ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, मी वाचलंच नसतं तर किती येळ उभं करणार व्हते?"

ते मी ठरवलंच नव्हतं. मोतीरामनं पाण्याचा नळ बंद केला. शेवटी तिनंच विचारलं, "चहा घेता का?"

घेतला.

४ ऑगस्ट

तनुजा मॅडमचा शेरा आला. एकच ओळ : 'शिक्षकास वर्गातील मुलांकडे पाहण्याची सवय लावावी.' रामकिसन सरांनी तो मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, महिनाभर रोज पहिले दोन तास सत्यभामाबाईंच्या वर्गात बसा. सहावी तेवढा वेळ मी बघतो. खुर्ची नेऊ का विचारलं. नको म्हणाले, बाकावर बसा.

गेलो. चौथीची बाकं बुटकी. गुडघे आत जाईनात, आडवे करून बसलो. सगळी बाकं भरलेली, शेवटच्या बाकावर एक जागा मोकळी. शेजारी दीपमाला. बाई सकाळीच तिच्या घरून तिला हाताला धरून घेऊन आल्या होत्या, जोडाक्षरं येईपर्यंत ती इथंच बसणार म्हणे. ती माझ्याकडं न बघता सरकली. दप्तर मांडीवर घेतलं.

बाईंनी सगळ्यांना सांगितलं, काल तुमच्या घरी काय काय झालं ते लिहा. येईल तसं, येतील तेवढी अक्षरं. मी पण वही उघडली. काही सुचेना, म्हणून शेजारी बघितलं.

दीपमाला लिहीत होती. मी बघू नये म्हणून डावा हात वहीवर आडवा धरून.