सहीची ओळ

सांगली, ता. ८ जुलै १९४६

ती. आक्कास,
आदगोंडाचा सादर जयजिनेंद्र, वि. वि.

अभ्यासात मुलांना काय अवघड जातं, पुढे काय व्हायचंय, हे विचारणारा बारा प्रश्नांचा कागद मी तयार केला आहे. माझ्या वर्गातल्या एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी ‘काही अवघड नाही’ असं लिहिलं. मी हरखलो, पण मुख्याध्यापक म्हणाले, कागद खरं बोलतो हे आधी सिद्ध करा, नाहीतर बासनात जाईल. म्हणून तीस प्रती पाठवतोय. तुझ्या वर्गातल्या मुलींकडून भरून घे.

दाजींना नमस्कार. तुझ्या लोभाची परीक्षा घ्यायची मला गरज नाही.

तुझा, आदगोंडा

सातारा, ता. ३ ऑगस्ट १९४६

चि. आदगोंडास, आक्काचे आशीर्वाद, वि. वि.

शहाण्या, तुझा कागद धडधडीत खोटं बोलतो. माझ्याही तीसच्या तीस मुलींना काही अवघड नाही! शेजारणीच्या वहीतून उतरवून घेणाऱ्या चंद्रालासुद्धा नाही. मग खाली पाहिलं, तर तू ‘पालकांची सही’ अशी ओळ घातलेली. प्रगतिपुस्तकासारखे सगळे कागद घरी जाऊन आले होते. घरच्यांसमोर कोण खरं लिहील?

ती ओळ गाळून तीस नवे कागद हाताने उतरवले आणि वर्गातच भरून घेतले. एकवीस जणींनी आपापली अडचण लिहिली. चंद्राने लिहिलं, फळा दिसत नाही, घरी कळलं तर शाळा बंद होईल. मी तिला आळशी समजून रागावत होते रे. फार वाईट वाटलं.

तिला विचारूनच तिच्या घरी गेले. वडील पलटणीत, कारभार आजोबा कोंडीबांकडे. पोरीचं डोकं चालत नाही म्हणून ते स्थळ बघत होते. मिरजेच्या दवाखान्यात चष्मा करू म्हणताच म्हणाले, चष्मेवालीला कोण करून घेईल? मी म्हटलं, मला घेतलंच की. आणि माझा चष्मा चंद्राला लावला. तिने दारातून, पार पलीकडच्या भिंतीजवळच्या लष्करी पेटीवरचं बापाचं नाव वाचून दाखवलं.  म्हातारा म्हणाला, “म्हंजी पोरगी ढ न्हाई तर. मिरजेला कवा जायाचं?”

तुझी, आक्का

सांगली, ता. १९ ऑगस्ट १९४६

ती. आक्कास सादर जयजिनेंद्र, वि. वि.

चूक कबूल. सही काढल्यावर माझ्याही सत्तावीस जणांनी मन मोकळं केलं. दोन्ही शाळांचं प्रमाण जुळलेलं पाहून मुख्याध्यापकांनी कागद मान्य केला. आता त्यावर ‘हा कागद घरी नेऊ नये’ असं छापलंय. प्रती सोबत आहेत. मिरजेच्या डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय.

तुझा, आदगोंडा

सातारा, ता. ३० सप्टेंबर १९४६

चि. आदगोंडास अनेक आशीर्वाद, वि. वि.

चंद्रा आता मागच्या बाकावरून फळा वाचते. परवा नवे कागद दिले, तर तिने तुझा नियम मोडून आपला कागद घरी नेला आणि आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘पुढे काय व्हायचंय’ यापुढे तिने ‘शिक्षिका’ असं लिहिलंय. सहीला जागाच नव्हती, तरी म्हाताऱ्याने त्या शब्दाशेजारी अंगठा उमटवून पाठवलाय.

आता भाऊबीजेला ये, तेवढाच लोभ पुरे.

तुझी, आक्का