आतून कडी

आत्याबाई, तुमची पणती आलीय पुण्याहून, माझ्या लेकीची लेक, महिनाभर राहायला. तुमी तिला बघितलंच न्हाय. नाक तुमचं हाय, आन् बोलणंबी तुमचंच, समोरच्याला संपवू न देणारं. मला इतका आनंद झालाय की दूध चुलीवर ठेवते आन् विसरते. काल परत उतू गेलं, तर माझी सून म्हणली, "आनंद जरा चुलीपास्नं लांब करा." तिलाबी तुमच्यासारखं टोचून बोलता येतंय बघा. तर पोरगी घरांचा अभ्यास करती. म्या म्हणलं, घरांचा कसला अभ्यास, चार भिंती आन् वर कायतरी. ती म्हणली, "तसं न्हाय आजी. कुणाला घर परवडतं, कुणाला न्हाय, कुणाचं घर असून नसल्यासारखं हाय, हे हिंडून विचारायचं असतं." माझी शाळा दुसरीपतूर, पर विचारणं मला कळतंय. म्हणून मीबी तिच्यासंगं हिंडते. पायात चपला, कमरंला पानाची पिशवी, नातीचा रुबाब आन् माझी मिरवणूक.

आपलं हे भूकंपानंतर बांधलेलं नवं गाव, सगळी घरं एका वळणाची. ती दारोदार विचारती, खोल्या किती? बाया सांगत्यात, दोन. झोपता कुठं? भायेर, पत्र्याखाली. मग खोल्यात काय? एक म्हातारी म्हणली, "सोयाबीन. त्याला सलॅबचं भ्या वाटत न्हाय." सगळ्या हसल्या. पोरगी हसली न्हाय, लिहीत बसली. मग विचारलं, दार आतून बंद होतंय का? घरी आल्यावर मलाबी तेच विचारलं. म्या म्हणलं, आपल्या दारांना कडीच न्हाय. "कुणी काढली?" म्हणलं, तुझ्या पणजीनं.

नव्या घराच्या किल्ल्या वाटायचा दिवस. साहेब तुमच्या हातात किल्ली देतोय, फोटो काढतोय. तुमी आत जाता, छताकडं बघत न्हाय, भिंतीकडं बघत न्हाय. पहार घेता आन् दोन्ही दारांच्या कड्या त्याच्या देखत उपटून काढता. तो म्हणतोय, "आज्जी, सरकारी माल हाय." तुमी म्हणता, "माल तुमी न्या, मला भोकं राहू द्या."

पोरीला त्याच्या आधीचंबी सांगितलं, बाजरी निवडता निवडता. धाकल्या भाऊजींचं नवं लगीन झालेलं, त्यांनी खोलीला आतून कडी लावलेली. लावणारच की. जमीन हालली तवा आमी ओसरीत होतो, भायेर पडलो. तुमी त्यांचं दार वाजवत होता, "कडी काढ रं, कडी काढ." आतून भाऊजी म्हणत होते, "निघंना आई, अडकलीया." मग वरलं माळवद खाली आलं, माती आन् दगड. तुमचा हात तसाच दारावर होता. रडल्याचं मला आठवत न्हाय, तुमचंबी न्हाय, माझंबी न्हाय. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुऱ्या वाटल्या. आमी खाल्ल्या. चांगल्या होत्या. असलंच ध्यानात राहतंय. त्याच्यानंतर तुमी शेवटपतूर पत्र्याखालीच झोपलात, आन् तुमच्यामागं मी.

पोरीनं सूप खाली ठेवलं. मग म्हणली, "आजी, मला हितं झोप लागत न्हाय." म्हणलं, भ्या वाटतंय व्हय? तर म्हणली, "न्हाय गं. पुण्यात मी खोली न्हाय, खाट भाड्यानं घेतलीय. एका खोलीत चौघी. मालकीण कवाबी दार ढकलून आत येती, कापडं बदलत असलो तरी. बोललं तर म्हणती, परवडत नसंल तर दुसरीकडं बघ. दुसरीकडं आधी जात विचारत्यात. मला वाटलं हुतं, आपल्या घरी गेले की दार लावून झोपीन."

खाटंचं भाडं! ऐकलंत का? तुमच्या खाटंवर तर आळीतली मांजरंसुदीक फुकट झोपायची. पर म्या म्हणलं, या घरात कडी लागायची न्हाय. तिनं वाद घातला न्हाय. सांजंला बॅग भरायला घेतली. "राग न्हाय आजी. मैत्रिणीकडं जाते, तिच्या खोलीचं दार लागतंय." बॅगंची चेन वडल्याचा आवाज झाला आन् मला काय वाटलं ते अजून कळलं न्हाय. म्हणलं, उद्याचा दिस थांब.

दुसऱ्या दिवशी सास्तूरच्या बाजाराला गेले. लोखंडाची घेतली न्हाय, हलकी, पातळ पत्र्याची कडी घेतली, लाथंनं मोडंल अशी. दुकानदार म्हणला, "आजी, ही लई कच्ची हाय, चोर आत यील." म्या म्हणलं, "यिऊ दे. आतल्याला भायेर येता आलं पायजे." माझ्या पोरानं ती ठोकून दिली. चार स्क्रू होते, त्यातले दोनच मारू दिले.

दुपारी पोरीनं आत जाऊन कडी लावली. मी पायरीवर बसले, मांडीवर पहार घिऊन. सून येऊन बघून गेली, जाताना पाण्याचा तांब्या ठेवला. थोड्या येळानं पोरीनं दार उघडलं. "किती येळ उनात बसशील? ये आत." गेले. "लावू?" म्हणली. म्या म्हणलं, लाव. ती शेजारी पडली आन् लगेच घोरायला लागली. मी जागीच राहणार हुते, दाराकडं तोंड करून.

जागी राहिले न्हाय, आत्याबाई. उठले तवा गुरं परत आली हुती आन् सून भायेरून च्यासाठी हाका मारत हुती. भूकंपापास्नं पहिल्यांदाच सलॅबखाली पडले, ते बी दार लावून. सपान पडलं न्हाय. भाऊजी आठवले न्हायत, तुमी आठवला न्हाय. हे तुमच्या फोटोपुढं वाचून दाखवीन म्हणून लिहायला घेतलं हुतं. आता वाचणार न्हाय. झोप लई चांगली लागली, हे तुमच्या तोंडापुढं म्हणवत न्हाय.