बरणीतलं गिलकं

सर, तुमची बरणी अजून शाबूत आहे. कॉलेजनं प्राणिशास्त्राचं जुनं संग्रहालय रिकामं केलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या काकांनी ती फडक्यात गुंडाळून अमरावतीहून अकोल्याला माझ्या घरी आणून दिली. "घ्या मॅडम, तुमची अमानत," म्हणाले. आता ती माझ्या लिहायच्या टेबलावर असते. तुमच्या हातची चिठ्ठीही तशीच आहे : 'आंघोळीचा स्पंज, समुद्री प्राणी'. आणि आत फॉर्मॅलिनमध्ये ते वाळकं गिलकं, पुस्तकी लोकांचं घोसाळं. अक्षर मात्र देखणं होतं तुमचं, तेवढं मानते. दुसरं काही मानण्यासारखं अजून तरी सापडलेलं नाही.

तो दिवस तुम्हाला कशाला आठवेल! बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आम्ही सगळे जर्नलं घेऊन त्या बरणीभोवती उभे. आपल्याकडे रीतच होती, मागच्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलातून आकृती उतरवायची, बरणीकडे पाहिल्यासारखं करायचं आणि तुमची सही घ्यायची. मी खरंच पाहिलं, ही माझी चूक. आई मोर्शीच्या बाजारात भाजी विकायची. आमच्या कुंपणभर गिलक्याचे वेल, आणि वेलावर वाळलेल्या गिलक्यानं अंग घासून आम्ही बहिणी मोठ्या झालो. मी बरणी खिडकीकडे धरते. जाळीत एक काळी बी अडकली आहे. तोंडातून निघून जातं, "सर, हे तं गिलकं व्हय! प्राण्याच्या पोटात बी काहून राहीन?" सगळा वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. पुण्यात दोन वर्षं काढून आणलेल्या त्या धुतल्या मराठीत तुम्ही म्हणता, "भाजीवालीच्या मुलीला सगळीकडे भाजीच दिसणार. आधी बोलायला शिका, मग प्राणिशास्त्र. आकृती काढा." आणि तुम्ही स्वतः कुठले? दर्यापूरकडचे, आमच्यासारखेच वऱ्हाडी. काढली मी आकृती. बियांच्या पोकळीला बाण दाखवून 'पाणी बाहेर टाकण्याचे तोंड' असं लिहिलं आणि तुम्ही खाली सही ठोकली.

काकांनी नंतर सांगितलं. खरा स्पंज कधीचाच कुजून गेला होता, विद्यापीठाची तपासणी तोंडावर आली, आणि तुम्ही त्यांनाच इतवाऱ्याच्या बाजारात पिटाळलं. "सरनंच सांगतलं, पोरी. एक चांगलं वाळेल पाहून आन म्हने." तपासणीवाले आले, बरणीपुढे माना डोलावल्या, चहा पिऊन गेले. त्यानंतर किती वर्षं पोरांनी गिलक्याला प्राणी म्हणून पाठ केलं, देव जाणे. एकालाही शंका येऊ नये, ही तुमच्या शिकवण्याची कमाई.

पण त्या चिठ्ठीवरच्या प्राण्यानं मला वेड लावलं, त्याला मी काय करू? लायब्ररीत जाऊन वाचायला लागले. स्पंज जागचा हलत नाही. दात नाही, नख्या नाहीत, पाठीवर कवच नाही, पळताही येत नाही. मग तो अंगातच रसायनं तयार करून ठेवतो, की खाणाऱ्यानं पुन्हा तोंड लावू नये. त्याच रसायनांतून माणसाला औषधं सापडतात. मोर्शीच्या पोरीला हे वाचून दोन दिवस जेवण सुचलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत याचंच शिक्षण होतं. अर्ज भरला, मार्क होते, फक्त विभागप्रमुखाचं शिफारसपत्र हवं होतं. विभागप्रमुख तुम्ही. तुम्ही पाकीट मुद्दाम उघडं दिलंत. आत तेच देखणं अक्षर : 'विद्यार्थिनी कष्टाळू आहे. मात्र प्राणी व वनस्पती यांतील फरक तिला कळत नाही.'

वा सर! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. ते पत्र मी पाठवलं नाही, कोणत्या तोंडानं पाठवणार होते? आई म्हणाली, "जाऊ दे माय, मास्तराशी कोन भांडते." मी अकोल्यात ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. आजपर्यंत समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा सहलीच्या पोरींची डोकी मोजत. स्पंज एका जागी बसून निदान काहीतरी तयार तरी करतो. तुम्ही तीस वर्षं एका खुर्चीत बसून काय तयार केलंत? त्याच त्या पिवळ्या नोट्स, आणि एक गिलकं!

मग काकांचा फोन आला की तुम्हाला रक्ताचा कॅन्सर झालाय, अमरावतीलाच दाखल केलंय. मी दुसऱ्या दिवशी आले. संत्री घेऊन आले, पण खोटं कशाला बोलू, तुमची जिरलेली बघायला आले. केस गेलेले, गालफडं बसलेली, हातात सुई. सलाईनच्या बाटलीवर औषधाचं नाव लिहिलं होतं, सायटाराबिन. मी ते दोनदा वाचलं. आणि आनंद झाला. हो, आनंदच. स्टूल ओढून बसले आणि तुम्हाला शिकवलं, सर. म्हटलं, हे जे थेंब थेंब तुमच्या अंगात चाललंय ना, त्याची वाट एका समुद्री स्पंजानं दाखवली. दूरच्या समुद्रातला साधा स्पंज. त्याच्यात सापडलेल्या पदार्थांवरून माणसांनी हे प्रयोगशाळेत घडवलं. ज्याची तुम्ही आयुष्यभर एक आकृती काढून घेतलीत, तो. एकेक शब्द सावकाश बोलले, मठ्ठ पोराला सांगावं तसं.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, झोपलात. मग डोळे उघडलेत आणि ती धुतली मराठी कुठच्या कुठं गेली. "म्हंजे आता गिलकंच वाचवून राह्यलं का मले?" थोडा दम खाल्लात. "ते काळी बी मीबी पाह्यली होती, पोरी. तुह्या आंधीच." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात, पहिल्यांदा जोक सांगणाऱ्या पोरासारखे.

एवढंच हवं होतं मला, इतकी वर्षं. आणि मी काय केलं? तोंड दगडाचं करून म्हटलं, "आराम करा." संत्री ठेवली आणि निघाले. आठवडाभरात तुम्ही गेलात.

हे पत्र कुठं पाठवायचं? तुमच्या त्या शिफारसपत्रासारखंच हेही माझ्याकडेच राहील, ड्रॉवरमध्ये, एकावर एक. माफ केलेलं नाही, तसा गैरसमज नको. पण एक राहिलंच सांगायचं. वॉर्डाच्या बाहेर पाण्याची टाकी आहे ना, तिथे मी भिंतीला धरून उभी राहिले आणि तोंडात पदर कोंबून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तुम्ही आत त्याचीच वाट पाहत होता, हे मला माहीत होतं.