ठमी नावाचा हुकूम

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

मोठी परीक्षक झालीस म्हणे! आमच्या पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मी लिहिलेली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायची की नवी आणायची, हे तुझी कंपनी ठरवणार. तू माझी बहीण, हे मी साहेबांना आधीच सांगून टाकलंय. जुनी गेली की मीही घरी. नवीवर काम करायला त्यांना कोवळी पोरं हवीत.

वशिला नको. तुला शिकवताना लावायचो तोच कस लाव: परक्या माणसाला जिच्यावर पहिल्याच बैठकीत प्रोग्रॅम लिहिता येतो, ती सिस्टीम चांगली. नवीवर साधा भोंगा वाजवायचा तर पानभर लिहावं लागतं. माझ्याकडे चार ओळी!

वहिनी आठवण काढते. लोभ असू दे.

तुझा दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

कस तुझाच लावते. पण दादा, तुझ्या चार ओळींतले हुकूम तू घरच्या नावांनी ठेवलेत. पंप थांबवायला 'आजोबा', भोंगा वाजवायला 'ठमी', कारण मी पाळण्यात भोकाड पसरायचे! परक्याला हे कसं कळावं? अजून वेळ आहे, नावं बदल. हात जोडते.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

ठमी

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठमीस, आशीर्वाद.

नावं बदलायला मी काही गुन्हा केलेला नाही. इतकी वर्षं शहराला पाणी याच नावांनी मिळालं. ज्याला डोकं आहे त्याला कळेल. तू तुझं काम कर.

दादा

ता. २ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

हिशेबखात्यातल्या बाईंना दोन्ही मशीनवर बसवलं. टाकी भरली की भोंगा वाजवा, एवढंच काम. नवीवर त्यांनी कुरकुरत पानभर लिहिलं, पण जेवणाच्या सुट्टीआधी भोंगा वाजला. तुझ्या मशीनवर संध्याकाळ झाली तरी वाजला नाही. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. मला विचारत होत्या, काहीतरी सांगा ना. परीक्षकानं काही सुचवायचं नाही असा नियम, मला सांगता येत नव्हतं.

अहवाल नवीच्या बाजूनं दिला. तुझ्याच मापानं मोजलं रे. राग धर, पण पत्र धाडत जा.

ठमी

ता. ९ एप्रिल

चि. ठमीस,

कोवळी पोरं आली. चुणचुणीत आहेत. नवीवर भोंग्याच्या हुकमाचं नाव 'इशारा' आहे. कुणालाही कळेल. तुझा अहवाल बरोबर होता, त्यात खोट काढायला मी बसलो आणि मला सापडली नाही. त्याचाच जास्त संताप येतो.

जुनं मशीन साहेबांनी मलाच बंद करायला लावलं. बंद करण्याआधी एकदा 'ठमी' टाइप केलं. भोंगा असा कोकलला की पोरं कानांवर हात ठेवून हसायला लागली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

एकच राहून राहून मनात येतं. त्या बाई रडकुंडीला आल्या, तू शेजारी बसली होतीस, आणि अडला होता तो शब्द म्हणजे तुझंच नाव. नियम होता, मान्य. पण पाळण्यात असल्यापासून तू कधी गप्प बसली नव्हतीस गं.

वहिनी बरी आहे. मी घरीच असतो. लोभ आहे. तो वाढवण्याची विनंती या खेपेला करत नाही.

दादा